तिकीट खिशात असलेली माणसं

टीसीने मला नोकरी दिली, ती मी त्याला तोंडावर आगाऊ म्हटलं म्हणून. दुसरी कसलीही पात्रता माझ्यात नव्हती आणि त्यानेही ती शोधायचे कष्ट घेतले नाहीत.

माझे वडील डहाणू रोड स्टेशनवर बुकिंग क्लार्क होते आणि हा तिथलाच तिकीट तपासनीस. त्याला खरं नाव होतं, पण ते फक्त रेल्वेच्या पगारपत्रकाला आणि त्याच्या बायकोला ठाऊक. बाकी सगळं गाव त्याला टीसी म्हणायचं आणि नोकरी सोडल्यावरही म्हणत राहिलं. मी इथे त्याला अरे-तुरे करतोय ते बघून कुणी नाक मुरडू नये. समोर मी त्याला काका आणि अहोच म्हणायचो. पण कागदावर 'ते' लिहायला घेतलं की कुणीतरी भलताच सज्जन माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो आणि माझं पुढचं लिहिणं खुंटतं.

तर एका रविवारी सकाळी तो आमच्या क्वार्टरच्या ओट्यावर येऊन बसला. अंगात काळा कोट. रेल्वे सोडून बरेच दिवस झालेले, मे महिना, घामाच्या धारा लागलेल्या, तरी कोट होताच. मी नुकताच बी.कॉम. होऊन घरात लोळत होतो. आईने चहा दिला. अर्धा चहा पोटात गेल्यावर तो माझ्याकडे वळला.

"काय रे, टक्के किती?"

"बावन्न."

"म्हणजे ढ. अक्षर तरी बरं आहे का?"

"बरं आहे."

"बरं अक्षर घेऊन काय करणार? तुझ्या बापाचंही अक्षर बरं आहे. जन्म गेला खिडकीच्या गजातून बाहेर बघण्यात."

वडील बिचारे हसले. हसले म्हणूनच माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "काका, दुसऱ्याच्या ओट्यावर बसून, त्याचाच चहा पिऊन त्यालाच बोलायचं, याला आमच्या घरात आगाऊपणा म्हणतात."

आईचा हात तोंडाकडे गेला. वडील माझ्यावर ओरडले. टीसीने मात्र कप खाली ठेवला, कोटाच्या बाहीने कपाळ पुसलं आणि हरवलेली वस्तू सापडावी तसा चेहरा करून म्हणाला, "उद्यापासून ये."

कुठे ये, कशासाठी ये, हे त्याने संध्याकाळी निरोप पाठवून कळवलं. तेव्हा डहाणूत फुग्यांचे कारखाने फोफावले होते. ज्याच्याकडे शेड होती तो फुगे काढत होता आणि ज्याच्याकडे नव्हती तो शेड शोधत होता. टीसीने मुदतीआधी निवृत्ती घेतली, सगळा फंड घातला आणि रानशेतला गवताची एक जुनी वखार भाड्याने घेतली. पूर्वी तिथे गवताच्या गाठी बांधून मुंबईच्या तबेल्यांना जात. आता तिथून फुगे जाणार होते. फुगे बनवण्यातलं त्याला काही म्हणजे काही येत नव्हतं. पण त्याची त्याला फिकीर नव्हती. "फुगा कुणीही शिकेल, माणूस आधी बरोबर पाहिजे," असं तो म्हणायचा. आणि बरोबर माणूस ओळखायची त्याची एक स्वतःची पद्धत होती. ती त्याने फलाटावर उभं राहून, आयुष्यभर लोकांच्या शिव्या खाऊन शोधून काढली होती.

"हे बघ," त्याने मला पहिल्याच दिवशी वखारीत झाडू हातात देऊन सांगितलं, "गेटावर मी माणूस अडवला की दोन प्रकार होतात. एक म्हणतो, साहेब, नमस्कार साहेब, कसे आहात साहेब. त्याच्याकडे तिकीट नसतं. दुसरा म्हणतो, मलाच बरा अडवलात, मी काय चोर दिसतो? तो आवाज चढवतो, माझी लायकी काढतो, आणि मग खिशातून तिकीट काढून माझ्या नाकासमोर धरतो. ज्याच्या खिशात तिकीट आहे तोच भांडतो. मला भांडणारी माणसं पाहिजेत."

"आणि तिकीट असून गप्प राहणारे?"

"ते गेटातून निघून जातात. ते माझ्या लक्षातच राहत नाहीत. मग कामाला कसे ठेवू?"

मी झाडू मारायला लागलो.

त्यानंतरचे काही आठवडे आम्ही कामगार शोधत हिंडलो. खरं तर भांडणं उकरत हिंडलो. दुसरा कुणी मालक माणूस ठेवताना विचारतो, आधी कुठे होतास, काय येतं. टीसी आधी त्या माणसाला कशाचा अभिमान आहे ते शोधायचा आणि नेमकं तिथे बोट घालायचा. माझं काम त्याच्यामागे उभं राहायचं आणि प्रकरण हातघाईवर आलंच तर त्याला ओढून काढायचं.

फुगे सुकवायची भट्टी सांभाळायला माणूस हवा होता. झाईला नगीन नावाचा एकजण मच्छीमारांच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा, त्याचं नाव कुणीतरी सुचवलं. आम्ही बसने झाईला गेलो. नगीन किनाऱ्यावर एका उलट्या होडीच्या सावलीत बसून इंजिन खोलत होता. टीसी त्याच्या डोक्याशी जाऊन उभा राहिला. काळा कोट, समुद्राचा वारा. नगीनला वाटलं कुणी वकील आला.

"झाईची इंजिनं म्हणे निम्म्या वाटेत बंद पडतात," टीसी म्हणाला. "उमरगावचे लोक सांगत होते. तुमची पोरं म्हणे वल्ही मारत घरी येतात."

नगीनने पाना वाळूत आपटला. "कोण बोलला? नाव सांगा नी त्याचा! उमरगावचा बोलला? अरे, त्यांचा इंजिन बी मीच रिपेर करते! तुमाला काय समजते? कोट घालून आला म्हणून सायेब झाला काय? जावा दे नी, बाजूला व्हा, उजेड येवू दे!"

"उद्यापासून ये," टीसी म्हणाला.

नगीन दुसऱ्या दिवशी आला तो नोकरीसाठी नव्हे. उमरगावचं कोण तसं बोललं त्याचं नाव घ्यायला आला होता. ते नाव त्याला अखेरपर्यंत मिळालं नाही, कारण असं कुणी बोललंच नव्हतं. पण येता-येता त्याने आमची भट्टी पाहिली, ती बसवणाऱ्याला आणि बसवून घेणाऱ्याला सणसणीत शिव्या दिल्या, आणि ती नीट करायला बसला. मग राहिलाच.

शेवंतीची गोष्ट अशीच, फक्त तिच्यात टीसी सपशेल हरला. ती रानशेतच्याच एका आदिवासी पाड्यावरची. डहाणूच्या बाजारात रानभाजी घेऊन बसली होती. टीसीने जुडी उचलली, हुंगली आणि म्हणाला, "ही कालची आहे."

"कालची?" शेवंती उठून उभीच राहिली. "तुझा डोला फुटला काय? सकालचा दव हाये तिच्यावर अजून, हात लावून बघ! नाय घ्यायची तर नको घेव, पण कालची नको बोलू. कोणी मानूस नाय बोलला मना असा!"

पाड्यावरची माणसं कुणालाही 'तू'च म्हणतात, कलेक्टर आला तरी. त्यात अपमान नसतो. शेवंतीच्या त्या 'तू'मध्ये मात्र होता. टीसीने जुडी विकत घेतली आणि म्हणाला, "उद्यापासून ये."

"कुठं? तुझ्या बापाच्या घरी?"

मी पुढे होऊन वखारीचा पत्ता सांगितला. दुसऱ्या दिवशी ती आली. तिच्यामागे तिची जाऊ आणि नणंदही आल्या. टीसी म्हणाला, मी एकीलाच बोलावलंय. शेवंती म्हणाली, "एकटी कोन येते कामाला? रानातली वाट हाये. येताना बोलायला नको, जेवताना बोलायला नको?" टीसी म्हणाला, मला एकीचाच पगार परवडतो. ती म्हणाली, "मंग दे एकीचा. ह्या बसतील." आणि त्या दोघी खरोखरच वखारीबाहेरच्या आंब्याखाली दिवसभर बसल्या. दुसऱ्या दिवशीही बसल्या. तिसऱ्या दिवशी काम जास्त होतं म्हणून आत येऊन हात लावायला लागल्या. टीसी खवळला. फुकट काम करून घेणारा मालक म्हणून पंचक्रोशीत नाव होईल, बाहेर व्हा, म्हणाला. नणंद तोपर्यंत एक शब्द बोलली नव्हती. ती म्हणाली, "आमी तुझ्यासाठी नाय करत, हिच्यासाठी करतो. तू आपला गप बस." टीसी गप्प बसला आणि त्याने तिघींना कामावर घेतलं. पुढे आम्ही एका बाईला बोलावलं की तीन बायांचा हिशेब आधीच धरायला शिकलो.

ही माणसं निवडली कशी ते सांगितलं. नाकारली कशी त्याचाही एक मासला सांगतो. तलासरीहून एक तरुण आला होता. रबराच्या कामाचा डिप्लोमा केलेला, इस्त्रीचा शर्ट, हातात प्रमाणपत्रांची फाईल. आम्हाला अक्षरशः देव भेटला होता. आमच्यापैकी कुणाला रबराच्या चिकात अमोनिया का असतो हे ठाऊक नव्हतं, फक्त वासाने डोळ्यांतून पाणी यायचं तेवढं ठाऊक होतं. टीसीने कोट चढवला आणि त्याच्यावर सुरू झाला. तुझं कॉलेज भिकार. हो सर. तुझा शर्ट बावळट. हो सर. तलासरीच्या माणसाला अक्कल नसते. बरोबर आहे सर. तास झाला. टीसी रडकुंडीला आला. शेवटी त्याने त्या मुलाचे दोन्ही हात धरले.

"अरे बाबा, एकदा, फक्त एकदा मला नाही म्हण. लगेच ठेवतो."

"जशी आपली इच्छा सर," तो मुलगा म्हणाला.

टीसीने त्याला चहा पाजून बस स्टँडवर सोडलं. तो मुलगा पुढे एका मोठ्या कंपनीत साहेब झाला आणि सुखात आहे, असं ऐकलं. आम्ही मात्र पुढचे कित्येक महिने असे फुगे काढले की ते फुगवायला पैलवान लागला असता.

काम तसं सोपं होतं, आम्हीच ते अवघड करायचो. फळीवर फुग्यांच्या आकाराचे साचे ओळीने बसवलेले. फळी रंगीत रबराच्या हौदात बुडवायची, वर काढायची, तोंडाशी कड वळवायची, भट्टीत सुकवायची, पावडर लावून फुगा सोलून काढायचा. प्रत्येक पायरीवर भांडण होतं. शेवंती म्हणायची भट्टी तापली नाही. नगीन म्हणायचा तुझा हौदच पातळ. मी म्हणायचो दोघं चूक. टीसी मधे उभा राहून म्हणायचा तिघं चूक. आणि या आरडाओरड्यातून, कसा कोण जाणे, फुगा हळूहळू सुधारत गेला. चुकीची गोष्ट कुणी निमूट पुढे जाऊच देत नव्हतं. मला हे फार उशिरा कळलं. त्या वेळी मला फक्त डोकेदुखी कळत होती.

टीसीची बायको, म्हणजे आमच्या काकू, यांचा या सगळ्याला मनापासून विरोध. त्या अधूनमधून रिक्षाने डबा घेऊन यायच्या, दारातूनच तो कालवा ऐकायच्या आणि म्हणायच्या, "घरात एक मी होते. तेवढ्याने भागत नव्हतं म्हणून ह्यांनी फंड मोडून आणखी आणल्या."

पहिला मोठा व्यापारी मुंबईहून आला तेव्हा आमचा फंड संपत आला होता. याने ऑर्डर दिली तर कारखाना, नाहीतर परत गवत. टीसीने सगळ्यांना बजावलं होतं की आज शिस्तीत. व्यापारी दारात आला तेव्हा शेवंती टीसीच्या अंगावर ओरडत होती, कारण त्याने शिस्तीच्या नादात तिचा लाल रंग हलवून ठेवला होता. नगीन भट्टीतून डोकं काढून दोघांवर ओरडत होता. व्यापारी उंबऱ्यातच थबकला. या भागात आरडाओरडा ऐकला की बाहेरच्या माणसाला आधी लाल बावटा दिसतो. त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "संप आहे का?"

"नाही, मीटिंग आहे," मी म्हणालो.

तो आत आला. एक फुगा उचलला, ताणला, फुगवला, सोडून दिला. मग दुसरा. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "शेठ, तुमच्या फुग्याची मान जाड आहे. लहान पोराच्याने फुगायचा नाही. आणि हा हिरवा? हा हिरवा आहे की शेवाळं? असला माल दाखवायला मला एवढ्या लांब बोलावलंत? लाज नाही वाटली?"

फंड गेला, मला वाटलं. पण टीसीच्या चेहऱ्यावर तोच उजेड पसरला, जो मी आमच्या ओट्यावर पाहिला होता. सवयच ती, तोंडातून शब्द निघून गेले.

"उद्यापासून ये," तो व्यापाऱ्याला म्हणाला.

व्यापारी बघतच राहिला. मग टीसीने त्याला स्टुलावर बसवून गेटाचं आणि तिकिटाचं सगळं तत्त्वज्ञान ऐकवलं. तो माणूस पोट धरून हसला. मान बारीक करा, हिरवा बदला, मग माल पाठवा म्हणाला, आणि खरंच ऑर्डर देऊन गेला. मान बारीक करताना आम्ही इतके भांडलो की पाड्यावरून माणसं बघायला आली.

पाऊस सुरू झाला आणि भाताची आवणी आली तशी शेवंती, जाऊ, नणंद एका सकाळी आल्याच नाहीत. निरोप नाही, काही नाही. टीसी छत्री आणि कोट घेऊन त्यांच्या शेतावर भांडायला गेला. मी बांधावर उभा होतो. तो चिखलात उतरून म्हणाला, सांगून जायची पद्धत आहे की नाही? शेवंतीने मान वर केली नाही. वाकल्या वाकल्या म्हणाली, "पाऊस सांगून येते काय? भात लावला नाय तर खायचा काय, तुझा फुगा?" आणि रोपांची एक मूठ त्याच्या हातात दिली. टीसीने कोट माझ्याकडे फेकला आणि दुपारपर्यंत रोपं लावली. वाकडी लावली म्हणून नणंदेने ती सगळी उपटून पुन्हा लावली. तेव्हापासून दर वर्षी आवणीला आमचा कारखाना बंद ठेवायचं ठरलं. तशीही त्या दिवसांत फुग्याला ओल धरायचीच. पण हे कारण टीसीने कधी कबूल केलं नाही. वाद हरलो म्हणून सुट्टी देतोय, असंच तो अभिमानाने सांगायचा.

अशी वर्षं गेली. कारखाना काही मोठा झाला नाही, पण चालला. टीसी म्हातारा होत गेला आणि त्याला एकाच गोष्टीची भीती वाटायला लागली. जेवणाच्या सुट्टीत तो कधीकधी बोलायचा. "माणसाला सगळे एकजात हो कधी म्हणतात ठाऊक आहे? लग्नात आणि तिरडीवर. माझं लग्न तर झालंय. ज्या दिवशी तुम्ही सगळे मला हो म्हणाल, त्या दिवशी मी समजेन." आम्ही म्हणायचो, काका, तो दिवस आमच्या हयातीत येत नाही. आणि आम्ही खरंच तसं समजत होतो.

त्याला झटका आला तो तलासरीच्या बस स्टँडवर, आणि भांडताना आला. तो डहाणूच्या बसमध्ये बसला होता. कंडक्टरने तिकीट दाखवायला सांगितलं. टीसीला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिकीट दाखवा म्हणत होतं. तो उठून उभा राहिला, मी काय चोर दिसतो का, म्हणाला, आवाज चढवला, कंडक्टरची लायकी काढली, आणि बोलता बोलता सीटवर कोसळला. कंडक्टर भला माणूस. त्याने बस कुठेही न थांबवता थेट डहाणूच्या हॉस्पिटलपर्यंत आणली. डॉक्टरांनी टीसीची मूठ उघडली तेव्हा आत तिकीट होतं.

जीव वाचला. पण उजवा हात गेला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि बोलणं जड झालं. एकेक शब्द तो ओझं उचलल्यासारखा उचलून ठेवायचा. काही महिन्यांनी काकू त्याला रिक्षात घालून वखारीत घेऊन आल्या. अंगात काळा कोट, उजवी बाही लोंबत होती. आम्ही सगळे गोळा झालो. नगीनने भट्टीकडून येताना हात पुसले, हे मी त्याला कधी करताना पाहिलं नव्हतं. शेवंतीने स्टूल पुसून दिलं. हाच का तो माणूस, असं सारखं मनात येत होतं.

टीसीने आमच्याकडे बघितलं. मग म्हणाला, "चिकूच्या... रंगाचा... फुगा... काढा."

आता चिकू हे डहाणूचं वैभव आहे, मान्य. पण चिकूचा रंग हा काही फुग्याचा रंग नव्हे. एरवी या वाक्यावर आमच्या वखारीचे पत्रे उडाले असते. शेवंतीने माझ्याकडे पाहिलं, मी नगीनकडे पाहिलं.

"हो काका," मी म्हणालो.

"हो नी, काढू," नगीन म्हणाला.

"बेस," शेवंती म्हणाली.

आणि आम्ही तो काढला. लालात हिरवा, त्यात थोडा काळा, पुन्हा पिवळा, असं करत एकदाचा चिकू जमला. या सगळ्यात एकदाही भांडण झालं नाही. वखारीत नुसता फळ्यांचा आवाज यायचा. मला आठवतंय, त्या आठवड्यात मला एकदाही डोकेदुखी झाली नाही आणि रोज संध्याकाळी घरी जाताना मला रडू येत होतं.

काकू त्याला पुन्हा घेऊन आल्या. मी एक फुगा फुगवून, दोऱ्याने बांधून त्याच्या डाव्या हातात दिला. उकडलेल्या बटाट्याला वारा भरल्यासारखा तो दिसत होता. टीसीने तो डोळ्यांजवळ नेऊन बघितला. मग त्याने तो नगीनपुढे धरला.

"कसा?"

"फस्टक्लास."

नणंदेपुढे धरला. तिने मान हलवली. माझ्यापुढे धरला. मी म्हणालो, "छान आहे काका. वेगळा आहे." शेवंतीपुढे धरला. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "बेस झालाय."

टीसीने दोरा सोडून दिला. फुगा जमिनीवर पडला, उडालासुद्धा नाही. मग त्याने आपला डावा हात आमच्यापुढे पसरला, तळवा वर करून. असा हात मी लहानपणापासून डहाणूच्या गेटावर पाहत आलो होतो.

"तिकीट," तो म्हणाला.

नगीनने नकळत खिसा चाचपला.

"तिकीट... दाखवा." त्याच्या धड राहिलेल्या बाजूच्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. "सगळे... गोड बोलता. कुणाकडेच... नाही? मी... मेलो?"

आधी शेवंतीच फुटली. तिने तो फुगा जमिनीवरून उचलला आणि त्याच्या नाकासमोर नाचवला. "मेला नायस तू! पन हा फुगा बघून पोरं मरतील! हा काय रंग हाये? सडका चिकू हाये हा, ढोर बी नाय खाणार! कोन घेल तो? तुझा डोका फिरला आन् आमी येड्यासारखा रांधत बसलो! लाल रंग सगला नासवला तुझ्यापायी!"

"आन् भट्टी!" नगीन ओरडला. "भट्टीत आठवडाभर हाच घाण! मुंबईवाल्याचा माल ऱ्हायला ना! काय सांगू त्याला, शेठ आजारी हाय म्हणून बटाटे पाठवते?"

"काका, आगाऊपणा तुमचा गेला नाहीच," मी म्हणालो, आणि मग मला थांबताच येईना. व्यापाऱ्याची दोन पत्रं पडून होती, रबराचं नवं पिंप चारोटी नाक्यावर येऊन थांबलं होतं, आणि आम्ही चिकू रंगवत बसलो होतो, हे सगळं मी त्याला ओरडून सांगितलं. जाऊ ओरडली. नणंद ओरडली. सगळ्यांच्या वर काकूंचा आवाज चढला, "आणि मला तर हा फुगाच काय, हा कारखानाच पहिल्या दिवसापासून पसंत नाही!"

टीसी डाव्या हाताने मांडीवर थापा मारत होता. त्याचं तोंड वाकडं होतं, म्हणून हसतोय की रडतोय ते नीट कळेना. बहुधा दोन्ही. तो काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होता, पण आमच्या गोंगाटात ऐकूच येत नव्हतं. शेवटी शेवंतीनेच सगळ्यांना गप्प केलं. "थांबा रे, तो काय बोलते बघू."

टीसीने श्वास घेतला. एकेक शब्द उचलला.

"उद्या... पासून... या."

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे गेलो. तो आमच्या आधी येऊन स्टुलावर बसला होता, कोट घालून. आम्हाला उशीर झाला म्हणून त्याने आम्हाला झापलं, आणि आम्ही त्याला.